नेमबाजीची बंदूक घेऊन परदेशी विमानप्रवास, मधल्या विमानतळासकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय संघातून जाणाऱ्या नेमबाजाचे कागद फेडरेशन आणि टीम मॅनेजर बघतात. हे पान त्यांच्यासाठी नाही. हॅनोव्हर किंवा लक्झेंबर्गच्या स्पर्धेला पदरमोड करून जाणारी मुलं, सोबत आई नाहीतर बाबा, आणि पहिल्यांदाच परदेशी निघालेली बंदुकीची पेटी, अशा घरांतून जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केले आहेत. पुण्या-मुंबईहून या गावांना थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल, फ्रँकफर्ट, कुठेतरी बदलावं लागतंच आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. नियम बदलत असतात, त्यामुळे खालचं सगळं वाचूनही तुमच्या विमान कंपनीचं उत्तर लेखी घ्याच.

१. मुळात विमानातून बंदूक नेता येते का?

येते, पण फक्त चेक-इन सामानात. केबिनमध्ये कधीच नाही. बंदूक रिकामी हवी, कडक पेटीत हवी, पेटीला कुलूप हवं, कंपनीला आधी कळवून तिची मंजुरी घेतलेली हवी आणि काऊंटरवर गेल्यावर तुम्ही स्वतःहून सांगायला हवं. घरून वेब चेक-इन करून पेटी बॅग-ड्रॉपच्या पट्ट्यावर सोडून देणं चालत नाही. काऊंटरवरचा माणूस सुरक्षा कर्मचाऱ्याला बोलावतो, पेटी उघडून दाखवावी लागते, नंबर ताडले जातात, मग कुलूप लागतं. याला एक तास लागू शकतो, गर्दी असेल तर जास्तच. विमानाच्या चार तास आधी पोचा. बहुतेक कंपन्या हत्याराचे वेगळे पैसे घेतात, तेही आधीच विचारून ठेवा.

२. आमची तर १० मीटरची एअर रायफल आहे. तिला परवानाच लागत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर गनला भारतात परवाना लागत नाही, हे बरोबर. मॅच एअर रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूलच्या घरात असते, म्हणजे ती आरामात बसते. पण ही सूट भारताच्या हद्दीपुरती. विमान कंपन्या एअर रायफललाही हत्यारच धरतात, आणि स्कॅनरवर बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसते ती रायफल.

पुढचा देश काय म्हणतो ते वेगळंच. जर्मनीत साडेसात ज्यूलपर्यंतची एअर गन प्रौढ माणसाला विनापरवाना बाळगता येते, पण तिच्यावर पंचकोनात 'एफ' हे अक्षर कोरलेलं हवं. इंग्लंडमध्ये कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना नाही; तीच रायफल घेऊन स्कॉटलंडमध्ये शिरलात तर २०१६ च्या शेवटापासून लागतो. देश एकच, तरी असं. म्हणून 'आमच्याकडे लागत नाही' हे वाक्य परदेशी काऊंटरवर उच्चारूच नका, त्यानं संशयच वाढतो.

३. कोणते कागद सोबत ठेवायचे?

एअर गनसाठी: खरेदीची पावती, एनआरएआयचं (राष्ट्रीय नेमबाजी संघटनेचं) नेमबाज ओळखपत्र, स्पर्धेचं निमंत्रण किंवा स्वीकृत प्रवेशिका, राज्य संघटनेचं पत्र, आणि विमान कंपनीच्या मंजुरीचा ईमेल छापून. फोनवर आहे म्हणून गाफील राहू नका. काऊंटरवरचा माणूस कागद हातात मागतो आणि त्याची झेरॉक्स ठेवून घेतो.

.२२ रायफल, पिस्तूल किंवा १२ बोअरच्या शॉटगनसाठी याच्या भरीला मूळ शस्त्र परवाना आणि पोचायच्या देशाची तात्पुरत्या आयातीची परवानगी. ही परवानगी बहुधा स्पर्धेचे आयोजक काढून देतात. त्यासाठी एक शस्त्र-फॉर्म असतो: मेक, कॅलिबर, सीरियल नंबर, काडतुसांची संख्या, येण्या-जाण्याच्या विमानांचे नंबर. त्याची मुदत टळली की आयोजक हात वर करतात.

परवान्यावरची हद्दही वाचा. 'महाराष्ट्र राज्य' असेल तर कोल्हापूरहून मुंबई विमानतळापर्यंत ठीक, पण तिकीट दिल्लीहून असेल तर आधी परवान्याची हद्द वाढवून घ्यावी लागेल.

आता सीरियल नंबर. पावती, परवाना, शस्त्र-फॉर्म, कंपनीचा ईमेल, सगळीकडे तो अक्षरशः सारखा हवा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांत गफलत होते, आणि एका अक्षरासाठी पेटी अडते. पावतीवरून उतरवून घेऊ नका. टॉर्चच्या उजेडात रायफलच्या धातूवर कोरलेला नंबर वाचा, त्याचा जवळून फोटो काढा आणि तोच सगळीकडे लिहा.

मुंबईहून निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्रही घ्यावं. ते कशाला, हे प्रश्न १४ मध्ये आहे.

४. तिकीट कसं काढावं? स्वस्तातलं सापडलंय.

थांबा. आधी बंदुकीची सोय बघा, मग भाड्याची.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा. दोन वेगळी तिकिटं जोडून दहा-पंधरा हजार वाचतात, पण मग मधल्या विमानतळावर पेटी ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते, म्हणजे तुम्ही त्या देशात बंदूक आयात केली असा अर्थ होतो. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि आखातात त्याची चौकशी हसतखेळत होत नाही.

तिकिटावर नाव एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, हे कोडशेअर प्रकरण सर्रास असतं. नियम लागू होतो तो प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचा. टप्पे दोन आणि कंपन्या दोन असतील तर मंजुऱ्याही दोन लागतात. पहिलीनं 'हो' म्हटलं की दुसरीचं 'हो' गृहीत धरू नका. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे घ्या. काही स्वस्त विमानसेवा बंदूक घेतच नाहीत.

मधला थांबा तीन ते पाच तासांचा असावा. सव्वा तासात तुम्ही धावत पोचाल, पेटी पोचणार नाही. हत्याराची पेटी बाकीच्या बॅगांसोबत नेहमीच हलवली जात नाही. उलट रात्रभराचा थांबा घेतलात तर प्रश्न ११ मधली परिस्थिती तुम्ही स्वतःहून ओढवून घेतली.

रिफंडेबल तिकीट परवडत नसेल तर क्रम असा ठेवा: विमान हेरा, कंपनीला ईमेलनं विचारा, लेखी उत्तर आलं की तिकीट काढा, लगेच मंजुरीचा अर्ज करा. कॉल सेंटरवरच्या 'येस सर, नो प्रॉब्लेम'ला काडीची किंमत नाही. एका कंपनीच्या माणसानं आम्हाला फोनवर खुशाल होकार दिला होता आणि काऊंटरवर त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदच नव्हती. तेव्हापासून लेखी मंजुरीशिवाय आम्ही कुणालाही घराबाहेर पडू देत नाही.

५. मधल्या विमानतळावर पेटी आपल्याला घ्यावी लागते का?

एकाच तिकिटावर सामान शेवटपर्यंत टॅग झालं असेल तर साधारणपणे नाही. पेटी एका विमानाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जाते, तुम्हाला ती दिसतही नाही. पण 'मी हात लावत नाही, म्हणजे त्या देशाचा संबंध नाही' हा गैरसमज आहे. बऱ्याच देशांत बंदूक नुसती जमिनीवरून पुढे जाणार असली तरी तिथल्या पोलिसांची किंवा कस्टम्सची पूर्वपरवानगी लागते. ती कुठे कंपनी काढते, तर कुठे प्रवाशानं काढायची असते. म्हणून ईमेलमध्ये नेमकं हे विचारा: 'ट्रान्झिटची परवानगी कोण काढणार, आणि तिचा क्रमांक मला कधी मिळणार?'

मुंबईला पेटीवर टॅग लागताना शेजारी उभे राहा आणि त्यावरची तीन अक्षरं वाचा. हॅनोव्हरला जाताय तर 'एचएजे' हवं, लक्झेंबर्गला 'एलयूएक्स'. मधल्याच विमानतळाचं कोड दिसलं तर तिथून हलू नका, टॅग बदलून घ्या.

अमेरिका याला अपवाद आहे, पुढचा प्रश्न पाहा.

६. अमेरिकेला जाताना न्यूआर्कला उतरून एक रात्र एडिसनला आत्याकडे राहू, सकाळी पुढे जाऊ. चालेल ना?

बंदूक सोबत असेल तर मुळीच नाही. आत्याला विमानतळावर भेटा.

अमेरिकेत परदेशातून आल्यावर पहिल्याच विमानतळावर सगळं सामान हातात घ्यावं लागतं, कस्टम्समधून काढावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं, तिकीट एक असलं तरी. म्हणजे पेटी तिथे नक्की तुमच्या ताब्यात येणार. अग्निशस्त्र असेल तर परदेशी पाहुण्याला 'फॉर्म सिक्स एनआयए' हा परवाना आधीच काढावा लागतो, आणि त्याला काही आठवडे धरावेत.

एअर रायफल अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात अग्निशस्त्र नाही. मात्र न्यू जर्सी राज्याच्या कायद्यात आहे! त्यामुळे नेमकं न्यूआर्क हे सगळ्यात वाईट ठिकाण. २००५ साली तिथे एका अमेरिकी प्रवाशाचं पुढचं विमान चुकलं. कुलूपबंद पिस्तूल असलेली बॅग घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला, सकाळी विमानतळावर रीतसर जाहीर करायला गेला आणि अटकेत पडला. राज्याराज्यांतून बंदूक नेणाऱ्याला संघराज्य कायदा जे संरक्षण देतो ते त्याला मिळालं नाही. बॅग रात्रभर त्याच्या हाताशी होती, असं अपील न्यायालयानं २०१० मध्ये म्हटलं. हा त्यांच्याच देशाचा नागरिक होता. शक्य असेल तर दुसऱ्या राज्यातल्या विमानतळावरून आत शिरा.

७. काडतुसं किती नेता येतात?

आंतरराष्ट्रीय धोकादायक-माल नियमांप्रमाणे माणशी ५ किलो, आणि हे वजन डबे-खोक्यांसकट. फक्त स्वतःच्या वापरासाठी, फक्त चेक-इनमध्ये, फक्त १.४ एस या धोका-वर्गातली (डबीवर यूएन ००१२ किंवा ००१४), आणि कंपनीच्या मंजुरीनं. दोघांचे ५-५ किलो एका खोक्यात घालून १० किलो करता येत नाहीत. कंपनी किंवा देश याहून कमी मर्यादा घालू शकतो, आणि चालते ती सगळ्यात कमी असलेली.

.२२ लाँग रायफलची पन्नासची डबी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे १,३००-१,४०० काडतुसं बसतात. थ्री पोझिशनवाल्याचा (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरणाऱ्याचा) सराव, साइटिंग म्हणजे मॅचआधीचे चाचणीचे नेम, आणि मॅच यात निघून जातो. ट्रॅप-स्कीटवाल्यांचं, म्हणजे उडत्या तबकड्यांवर शॉटगननं नेम धरणाऱ्यांचं, गणित मात्र बसत नाही: १२ बोअरची पंचवीसची पेटी जवळपास किलोभर असते, म्हणजे जेमतेम सव्वाशे काडतुसं. ट्रॅपच्या पात्रता फेरीतच १२५ तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार काढता येतात. त्यामुळे शॉटगनवाले काडतुसं नेण्याच्या भानगडीत पडत नाहीत, आयोजकांमार्फत तिथेच विकत घेतात. तुम्हीही तेच करा, विमान कंपनीच्या फॉर्मवरचा अर्धा त्रास कमी होतो.

काडतुसं कारखान्याच्या मूळ डबीत, बंदुकीपासून वेगळी. मॅगझिनमध्ये भरलेली नकोत, सुटी तर नकोतच.

८. आणि एअर रायफलचे छर्रे?

त्यात दारू नसते, म्हणून वरची ५ किलोची मर्यादा त्यांना नाही. तरी चेक-इनमध्येच ठेवा, आणि डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावा. सामानात उघडलेला पाचशेचा डबा एकदा गोळा करून बघा!

९. एअर रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं काय करायचं?

रिकामं करायचं, आणि ते रिकामं आहे हे दिसायला हवं. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. तो विमानात चालत नाही. आदल्या दिवशी घरीच सिलिंडर रायफलवरून फिरवून काढा, हवा सोडण्याच्या स्क्रूनं पूर्ण सोडा, काटा शून्यावर आला की पेटीत वेगळ्या खाचेत ठेवा. विमानतळावर हवा सोडू नका. तो फुस्स आवाज ऐकून चार माणसं धावत येतात.

दोन गोष्टी लोक विसरतात. भरण्याचा ॲडॅप्टर सोबत हवा, हवा तिथे मिळते पण तुमच्या मेकचा ॲडॅप्टर मिळेलच असं नाही. दुसरं, सिलिंडरवरची तारीख. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात तो जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंतच ग्राह्य आहे. सेकंडहँड रायफल घेतलेल्यांनी तारीख निघण्यापूर्वी वाचावी, स्पर्धेतल्या साहित्य-तपासणीच्या टेबलावर नव्हे.

१०. बोल्ट, साइट, ट्रिगर या महागाच्या वस्तू हातातल्या बॅगेत घेतल्या तर?

बोल्ट आणि ट्रिगर युनिट हे बंदुकीचे भाग आहेत, केबिनमध्ये नेऊ नका. बोल्ट काढून त्याच पेटीत वेगळा ठेवा. मागची डायऑप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची) मात्र जरूर काढा आणि गुंडाळून ठेवा, पेटी आदळली की आधी तीच हलते. तिचं क्लिकचं सेटिंग कागदावर लिहून ठेवा. नेमबाजीचं जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह हातातल्या बॅगेत बसतील तेवढे घ्या. उसनी रायफल एक वेळ मिळते, उसनं जॅकेट अंगाला बसत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बंद करून ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

११. मधल्या गावी विमान चुकलं आणि कंपनी म्हणाली, हे हॉटेल, ही तुमची पेटी. मग?

हॉटेल घ्या, पेटी घेऊ नका.

ट्रान्सफर काऊंटरवर सांगा की सामानात जाहीर केलेलं हत्यार आहे, त्याला इथल्या आयातीची परवानगी नाही, ते पुढच्या विमानापर्यंत तुमच्या किंवा कस्टम्सच्या ताब्यात ठेवा. टॅगची पावती आणि मंजुरीचा ईमेल दाखवा, आणि ठेवून घेतल्याचं लेखी मागा. पट्ट्यावर पेटी फिरताना दिसली तरी उचलून बाहेर पडू नका; तिथेच गणवेशातल्या माणसाला गाठा. नव्या विमानाची कंपनी वेगळी असेल तर तिची मंजुरी नव्यानं लागेल. त्यापेक्षा त्याच कंपनीच्या पुढच्या विमानाची वाट पाहिलेली बरी. आयोजकांनाही लगेच कळवा, त्यांच्या परवानगीवर विमानाचा नंबर आणि तारीख असते.

१२. मुलगी १६ वर्षांची आहे. पेटी तिच्या नावावर जाईल का?

नको. प्रश्न २ मधली जर्मनीची सूट १८ वर्षांपुढच्यांना आहे, आणि कंपन्याही हत्यार जाहीर करणारा माणूस प्रौढ असावा असंच बघतात. पालक किंवा प्रशिक्षक त्याच विमानानं जात असेल तर मंजुरी, टॅग आणि शस्त्र-फॉर्म त्याच्या नावावर करा, मुलीचं नाव वापरणारी खेळाडू म्हणून. एकाच्या नावावर चार-पाच पेट्या टाकू नका. त्यातली एक अडली तर सगळ्या अडतात.

१३. नेमबाजी नाही, शिकारीसाठी जायचंय. हेच नियम?

विमानाचे तेच, बाकीचे वेगळे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक अमेरिकेतल्या मराठी मंडळींचा असतो, आणि मुक्काम दक्षिण आफ्रिका किंवा नामिबिया. अमेरिका सोडण्यापूर्वी कस्टम्सच्या ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर बंदुकीची नोंद करून घ्या. परत येताना ती तुमचीच आहे हे त्यावरून सिद्ध होतं. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांचा 'सॅप्स ५२०' फॉर्म भरून तात्पुरती परवानगी मिळते. तो काळ्या शाईनं भरा आणि सही अधिकाऱ्यासमोरच करा. एका कॅलिबरची २०० काडतुसं ही तिथली मर्यादा आहे. नामिबियाला जोहान्सबर्गमार्गे जाताय तर प्रश्न ४ आणि ५ पुन्हा वाचा.

कातडं, शिंगं भारतातल्या घरी आणायचा विचार असेल तर सोडून द्या.

१४. परत येताना काय लागतं?

जाताना लागलं ते सगळं. मंजुरी जाण्याची वेगळी, येण्याची वेगळी, हे बऱ्याच जणांना तिकडे गेल्यावर कळतं. उरलेली काडतुसं परत आणू नका, शेवटच्या दिवशी संपवा किंवा रेंजवर रीतसर जमा करा. मुंबईला कस्टम्सच्या लाल मार्गानं (सामान जाहीर करणाऱ्यांच्या) जा आणि निघताना घेतलेलं निर्यात प्रमाणपत्र दाखवा. ते नसेल तर ही रायफल तुम्ही बाहेरून विकत आणलेली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि पहाटे साडेतीनला, चौदा तासांच्या प्रवासानंतर, हे सिद्ध करण्यात काही गंमत नाही.

१५. रेंजवरच्या बॅगेत एखादं काडतूस राहून गेलं तर?

हे होतं, आणि होतं ते एरवी काटेकोर असलेल्या माणसांच्याच बाबतीत. कारण एकच: रेंजची बॅग प्रवासाची बॅग म्हणून वापरणं. केबिन बॅगेत जिवंत काडतूस सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, परवाना असला तरी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या गुणवंतलाल निकालापासून 'जाणीवपूर्वक ताबा' (वस्तू आपल्याकडे आहे हे माहीत असणं) हा मुद्दा मानला जातो आणि त्यावर पुढे सुटकाही होते, पण विमान गेलेलं असतं आणि स्पर्धाही. मधल्या देशात सापडलं तर हा निकाल तिथे कामाचा नाही.

बॅग उलटी करून झटका. अस्तराची शिवण उसवली असेल तर आत बोट घालून बघा; .२२ चं काडतूस तिथेच जाऊन बसतं. जॅकेटचे खिसे, बुटांचे पुढचे भाग, सगळं बघा. रिकाम्या पुंगळ्याही काढून टाका. सगळ्यात सोपं म्हणजे प्रवासाला वेगळीच बॅग घ्या.

१६. आम्ही पोचलो, पेटी आली नाही. आता?

विमानतळ सोडू नका. सामानाच्या काऊंटरवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या आणि त्यात 'जाहीर केलेलं हत्यार' हे शब्द लिहून घ्या. साधी बॅग हरवली असं लिहिलं तर ती साध्या बॅगेसारखीच हॉटेलवर पाठवण्याच्या रांगेत जाते, आणि हत्यार तसं पाठवता येत नाही. मग विमानतळ पोलिसांना आणि आयोजकांना कळवा. परवान्याची बंदूक असेल तर आपल्याकडच्या परवाना अधिकाऱ्यालाही ईमेल करा. बंदूक हरवल्यावर गप्प बसलात असं रेकॉर्डवर नको.

विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराप्रमाणे सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, मोडकं मिळालं तर ७ दिवसांत लेखी दावा करायचा असतो. भरपाईला कमाल मर्यादा आहे आणि चांगल्या मॅच रायफलची किंमत तिच्या बरीच वर जाते, म्हणून वेगळा विमा उतरवा. पेटीत ट्रॅकर टाका. तिचा आतला-बाहेरचा फोटो फोनमध्ये ठेवा, टॅग दिसेल असा. बहुतेक वेळा पेटी मधल्या विमानतळावरच राहिलेली असते आणि दुसऱ्या दिवशी येते, म्हणून स्पर्धेच्या किमान दोन दिवस आधी पोचेल असं तिकीट काढा. मधल्या काळात आयोजकांना उसनी रायफल मागायला लाजू नका, पण ती स्पर्धेच्या साहित्य-तपासणीतून स्वतःच्या नावानं पास करून घ्या.